मरणास सिद्ध झालेले वसईकर : संत गोन्सालो गार्सिया आणि त्यांचे सोबती

धर्मग्रामाच्या ज्युबिलीची स्मरणिका हातीं घेतली म्हणजे मंदिराचा पहिला दगड कोणीं बसविला, घंटा केव्हां आली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला इत्यादि माहिती तींत मिळावी अशी वाचकाची अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. ती माहिती आमचे इतर बंधुभगिनी ह्याच पुस्तिकेंत देत आहेत. आमच्या वांट्यास निराळें काम आलें आहे. ज्या श्रद्धेसाठीं आपण रविवारीं ह्या मंदिरांत जमतों त्या श्रद्धेची किंमत पूर्वीच्या लोकांनीं कशी मोजली, ती हकीकत आम्हांस सांगावयाची आहे; आणि ती सांगण्यास रोमच्या रंगभूमीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. ती आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसईस सुरू होते.

इंद्रायणीच्या कांठीं, देहू आणि आळंदी ह्यांच्या दरम्यान वसलेल्या आमच्या चिखलीस आम्ही कॅथोलिक लोक बहुतेक बाहेरूनच आलों. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढें मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, आणि त्यांच्या मागोमाग कोणी नगर जिल्ह्यांतून, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी थेट केरळ व तामिळनाडूंतून पोटापाण्यासाठीं येथें येऊन राहिला. प्रत्येकानें आपापल्या गांवचा संत बरोबर आणला. त्यांतील वसईकरांनीं आणलेला संत हा साऱ्या भारताचा पहिला संत आहे, ही गोष्ट आमच्यांतील पुष्कळांस अजून ठाऊक नसते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम एका शब्दाविषयीं थोडें बोललें पाहिजे. हुतात्मा हा शब्द आज राजकारणांतही सर्रास चालतो. आम्हांस रक्तसाक्षी हा आपला जुना शब्द अधिक बरा वाटतो. ग्रीक भाषेंतील ज्या शब्दावरून तो आला आहे त्याचा मूळ अर्थ नुसता साक्षीदार असा आहे. न्यायालयांत साक्षीदार आपण होऊन भांडण उकरून काढीत नाहीं. त्याला बोलावणें आलें म्हणजे तो जातो, जें पाहिलें तें सांगतो, आणि दटावलें तरी शब्द फिरवीत नाहीं. ख्रिस्तासाठीं मरण सोसणाराही तसाच.

ह्या बाबतींत ख्रिस्तसभेनें आरंभापासून मोठा विवेक दाखविला आहे. सुमारें १५५ सालीं स्मिर्ना शहरांत वृद्ध बिशप पॉलिकार्प ह्यांना अग्नींत देण्यांत आलें. तेथील ख्रिस्ती मंडळीनें त्यासंबंधीं इतर मंडळींना पाठविलेलें पत्र आजही उपलब्ध आहे. त्यांत क्विंतुस नांवाच्या एका मनुष्याची गोष्ट आहे. हा गृहस्थ मोठ्या आवेशानें स्वतः होऊन अधिकाऱ्यांपुढें गेला, दुसऱ्यांनाही त्यानें भरीस घातलें; पण रानटी श्वापदें डोळ्यांपुढें येतांच त्याची गाळण उडाली, आणि बादशहाच्या नांवानें शपथ घेऊन तो मोकळा झाला. पत्र लिहिणारे स्पष्ट सांगतात कीं, अशा रीतीनें आपण होऊन पुढें धावणाऱ्यांची ते वाखाणणी करीत नाहींत. पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून शहराबाहेर एका शेतावर जाऊन राहिले होते. शिपाई दारांत आले तेव्हां ते पळाले नाहींत. त्यांनीं शिपायांना जेवूं घातलें आणि प्रार्थनेपुरती सवड मागून घेतली. कार्थेजचे बिशप सिप्रियन २५० सालच्या छळांत लपून राहिले म्हणून लोकांनीं त्यांना बोल लावला. त्याच सिप्रियन ह्यांनीं २५८ सालीं शांतपणें तलवारीखालीं मान दिली. स्पेनांतील एल्विरा येथें चौथ्या शतकाच्या प्रारंभीं भरलेल्या धर्मपरिषदेनें तर असा ठराव केला कीं, मूर्ति फोडतांना जो मारला जाईल त्याचें नांव रक्तसाक्ष्यांच्या यादींत घालूं नये. हा ठराव आम्ही मुद्दाम येथें सांगत आहों. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अवमान करून मरण ओढवून घेणें ही एक गोष्ट, आणि स्वतःच्या श्रद्धेसाठीं आलेलें मरण सोसणें ही अगदीं निराळी गोष्ट, हा भेद इतका जुना आहे.

आमच्या प्रांतांत अशा साक्षीचा पहिला मोठा प्रसंग ठाण्यास १३२१ सालीं घडला, म्हणजे वास्को द गामा कालिकतास येण्यापूर्वीं पावणेदोनशें वर्षें! तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स व सिएनाचे पीटर हे तीन फ्रान्सिस्कन साधु आणि त्यांचे दुभाषी, तिफ्लिसचे बंधु देमेत्रियस, हे होर्मुझहून कोल्लमकडे निघाले असतां त्यांचें जहाज ठाण्यास येऊन लागलें. तेथें ते एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांत राहिले. त्या घरांत नवराबायकोचा तंटा झाला, बायको काझीकडे गेली, साक्षीसाठीं ह्या पाहुण्यांचें नांव निघालें, आणि घरगुती भांडणाची चौकशी करतां करतां गोष्ट धर्माच्या वादावर येऊन ठेपली. काझीनें विचारलेल्या प्रश्नाला थॉमस ह्यांनीं दिलेलें उत्तर कठोर होतें, हें ही कथा सांगणारे लपवीत नाहींत. ९ एप्रिलला तिघांचा आणि ११ एप्रिलला पीटर ह्यांचा वध झाला. डोमिनिकन साधु जोर्दानुस त्या वेळीं पुढच्या गांवीं गेले होते. त्यांनीं परतून ते देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढें ओदोरिक नांवाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानें त्या अस्थि बरोबर घेऊन थेट चीनपर्यंत नेल्या. दिल्लीच्या सुलतानानें ह्या कृत्याबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्यास शासन केलें, असेंही ओदोरिकच्याच वृत्तांतांत आहे, आणि तें सांगितलें नाहीं तर हकीकत अर्धवट राहील.

गोव्याच्या साष्टी प्रांतांतील कुंकळ्ळी येथें १५ जुलै १५८३ रोजीं फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. आक्वाविवा हे त्याच वर्षीं अकबर बादशहाच्या दरबारांतून परत आले होते. १८९३ सालीं ह्या पांच जणांना धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें. त्यांच्या धैर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्या गांवच्या लोकांचीं देवळें पोर्तुगीज सत्तेनें पूर्वींच पाडलीं होतीं, आणि ह्या घटनेनंतर तेथील गांवकरी पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें, हेंही सत्यच आहे. क्रूस आणि राजाचें निशाण एकाच गलबतांतून उतरलीं म्हणजे साक्षीचा अर्थ किती गढूळ होतो, ह्याचा अनुभव पुढें जपानांतही येणार होता.

आतां मूळ विषयाकडे वळूं.

वसई १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांच्या हातीं आली. तेथें १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई वसईच्याच मातींतली. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें, आणि १५७२ च्या सुमारास, अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत, ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनीं जपानच्या भूमीवर पाय ठेवला तो १५ ऑगस्ट १५४९ रोजीं. झेवियर हे वसईसही येऊन गेले होते. म्हणजे ज्या वाटेनें तो महान संत गेला, तीच वाट तेवीस वर्षांनीं ह्या वसईच्या मुलानें धरली.

जपानी भाषा शिकणें म्हणजे काय, हें ज्यानें प्रयत्न केला आहे तोच जाणे. गोन्सालो ती उत्तम शिकले. आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें, लोकांत मिसळले, मुलांना प्रश्नोत्तरें शिकविलीं. येशूसंघांत बंधु म्हणून प्रवेश मिळावा अशी त्यांची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार सुरू केला, आणि आश्चर्य असें कीं व्यापारांत त्यांना चांगलें यश आलें. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा जम बसला. आमच्या समजुतींतले संत लहानपणापासून ध्यानस्थ बसलेले असतात. हा संत वखारींत हिशेब करीत होता, आणि मनांतली जुनी हुरहुर मात्र गेली नव्हती. शेवटीं फिलिपाइन बेटांतील मनिला शहरीं त्यांचा फ्रान्सिस्कन साधूंशीं परिचय झाला. व्यापार सोडून ते त्या संघांत साधे बंधु झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनीं कधींच घेतली नाहीं. मिस्सा अर्पण करणारे हात त्यांचे नव्हते, ही गोष्ट आमच्या धर्मग्रामांतील सामान्य प्रापंचिकांनीं ध्यानांत घ्यावी असें आम्हांस वाटतें.

जपानांत त्या वेळीं तोयोतोमी हिदेयोशी हा सर्वसत्ताधीश होता. शेतकऱ्याच्या घरीं जन्मून सगळा देश मुठींत आणणारा हा विलक्षण पुरुष. १५८७ सालीं त्यानें परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण पोर्तुगीजांचा व्यापार त्याला हवा होता, म्हणून त्या हुकमाची अंमलबजावणी त्यानें सैल ठेविली. १५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश सुभेदारानें त्याच्याकडे वकील पाठविले. त्यांचे प्रमुख फादर पीटर बाप्तिस्त, आणि दुभाषी बंधु गोन्सालो. कोरियाच्या मोहिमेमुळें हिदेयोशीचा मुक्काम किऊशू बेटावरील नागोया येथें होता (हल्लींच्या मोठ्या नागोया शहराशीं ह्याचा घोटाळा करूं नये). तेथें त्या सत्ताधीशापुढें बसून वसईच्या ह्या मनुष्यानें दोन्ही बाजूंचें बोलणें एकमेकांना समजावून दिलें. साधूंना राहण्याची परवानगी मिळाली. राजधानी मियाको, म्हणजे आजचें क्योतो, येथें त्यांना जागा मिळाली. तेथें त्यांनीं मठ बांधला, मंदिर बांधलें, आणि ज्यांना कोणी शिवत नसे अशा महारोग्यांसाठीं रुग्णालयें काढलीं. पुढें क्रुसावर गेलेल्यांपैकीं कित्येक जण ह्याच रुग्णालयांत मलमपट्टी करणारे, स्वयंपाक करणारे, धर्मशिक्षण देणारे जपानी लोक होते.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८५ सालीं जपानचें कार्य येशूसंघाकडेच राहावें असा आदेश काढला होता. फ्रान्सिस्कन साधु वकील म्हणून आले खरे, पण ते राहिले आणि उघडपणें उपदेशही करूं लागले. येशूसंघीय धर्मगुरूंचें म्हणणें, हुकूम डोक्यावर लटकत असतां गुपचूप काम करावें. साधूंचें म्हणणें, शुभवर्तमान काय लपवून ठेवावयाचें? दोन्ही बाजूंनीं रोमला व माद्रिदला तक्रारी गेल्या. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांची व्यापारांतली चुरसही त्यांत होती. कोणाचें बरोबर होतें हें आजही निश्चित सांगणें कठीण आहे. आम्हांस तरी दोघांच्याही बोलण्यांत तथ्य दिसतें.

ऑक्टोबर १५९६ मध्यें संकट आलें. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें मोठें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून शिकोकू बेटावरील तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. जहाजांत अमोल माल होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यानें तो जप्त केला. जहाजाच्या सुकाणूवाल्यानें धाक दाखविण्याकरितां नकाशा पसरून आपल्या राजाचीं राज्यें दाखविलीं आणि धर्मगुरु आधीं जातात, सैन्य मागून येतें, अशा अर्थाचें कांहीं तरी तो बोलून गेला, असें सांगतात. हें बोलणें खरोखर झालें कीं नाहीं ह्यावर इतिहासकारांत मतभेद आहे. हिदेयोशीचा संशय मात्र खरा होता, व त्याला हवें असलेलें निमित्त मिळालें. ८ डिसेंबरला ओसाका व मियाको येथील साधूंच्या घरांवर पहारे बसले.

पकडावयाच्या लोकांची यादी झाली. त्या यादींत माथियस नांवाच्या एका ख्रिस्ती माणसाचें नांव होतें. शिपायांनीं त्याला हाक मारली तेव्हां तो घरीं नव्हता. शेजारचा दुसराच एक मनुष्य पुढें झाला. माझेंही नांव माथियस आहे, मीही ख्रिस्ती आहें, असें तो म्हणाला, आणि शिपायांनीं संख्या भरली म्हणून त्यालाच नेलें. वाचक म्हणतील, हा क्विंतुससारखा आपण होऊन पुढें गेला नाहीं काय? आम्हींही ह्यावर विचार केला आहे. आम्हांस असें दिसतें कीं क्विंतुस कीर्तीसाठीं गेला, तर हा माथियस एका शेजाऱ्याची जागा भरून काढण्यास गेला; त्यानें कोणाला डिवचलें नाहीं, कोणाला भरीस घातलें नाहीं. ख्रिस्तसभेनें त्याला संतांत बसविलें आहे.

३ जानेवारी १५९७ रोजीं मियाको येथें चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली. हुकूम नाककान कापण्याचा होता; एका सरदाराच्या मध्यस्थीनें तो एवढ्यावर आला. मग त्यांना गाड्यांत बसवून शहराशहरांतून फिरविलें, आणि भर हिवाळ्यांत नागासाकीकडे चालविलें. नागासाकी हें जपानांतील ख्रिस्ती लोकांचें मुख्य शहर. तेथील लोकांना दहशत बसावी हा हेतु. ही वाट महिनाभराची होती.

ह्या वाटेवर घडलेल्या दोन गोष्टी आम्हांस क्रुसाच्या प्रसंगाइतक्याच मोठ्या वाटतात. पहिली अशी : कैद्यांची देखभाल करावी म्हणून येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं पीटर सुकेजिरो नांवाच्या एका ख्रिस्ती माणसाला बरोबर पाठविलें होतें, आणि फ्रान्सिस नांवाचा एक सुतार तर स्वतःच्याच मनानें मागोमाग चालत होता. हे दोघे खाण्यापिण्याचें पाहत, थकलेल्यांना हात देत. पहारेकऱ्यांना त्याचा वीट आला, आणि त्यांनीं ह्या दोघांनाही कैद्यांत ओढलें. दोघांनीं कुरकुर केली नाहीं. चोवीसांचे सव्वीस झाले ते असे.

दुसरी गोष्ट एका पत्राची. तोमास कोझाकी हा चौदा वर्षांचा मुलगा आपले वडील मायकेल ह्यांच्याबरोबर कैदेंत होता. मिहारा येथील किल्ल्यांत मुक्काम असतां त्यानें आपल्या आईला पत्र लिहिलें. आमची काळजी करूं नको, आम्ही स्वर्गांत तुझी वाट पाहूं. मरतेवेळीं धर्मगुरु जवळ नसले तरी मनापासून पश्चात्ताप केला म्हणजे पुरे. धाकट्या भावांचा सांभाळ कर. असा त्या पत्राचा आशय आहे. तें पत्र आईला पोंचलें नाहीं. बापाच्या देहावर, रक्तानें भिजलेलें, तें मागाहून सांपडलें. चौदा वर्षांचें पोर मरावयास जातांना धाकट्या भावांची चिंता वाहतें, हें वाचून ज्याचे डोळे ओले होणार नाहींत असा बाप आमच्या चिखलींत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सकाळीं ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोंचले. सव्वीस क्रूस जमिनीवर मांडून ठेवले होते. जपानी रीतीप्रमाणें खिळे ठोकीत नसत; हातपाय व मान लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं आंवळीत, बसण्यास मध्यें एक लहान फळी असे, आणि क्रूस उभा केल्यावर दोन्ही बाजूंनीं दोन भालेकरी खालून वर भाला खुपशीत. गोन्सालो ह्यांनाच पहिल्यानें क्रुसावर चढविलें, अशी परंपरा आहे.

सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, आणि सतरा जपानी प्रापंचिक. सहा साधूंत चार जण स्पेनचे. पांचवे फिलिप हे मेक्सिकोचे, आणि ते तर सान फेलिपे जहाजानें गुरुदीक्षा घेण्यासाठीं घरीं चालले होते. सहावे आमचे वसईकर. तिघे येशूसंघीय आणि सहा फ्रान्सिस्कन एकाच ओळींत क्रुसावर गेले, तेव्हां रोमला गेलेल्या तक्रारींचे कागद वाळलेही नसतील.

सर्वांत लहान लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा. धर्म सोडलास तर जीव वांचवितों, असें त्या प्रसंगाच्या अधिकाऱ्यानें त्याला सांगितलें होतें. थोड्या दिवसांच्या आयुष्यासाठीं अनंत आयुष्य घालविणें बरें नव्हे, अशा अर्थाचें उत्तर देऊन त्यानें आपला क्रूस कोणता, तेवढें विचारलें. अंतोनियो तेरा वर्षांचा. त्याचे आईबाप नागासाकीचेच. ते गर्दींत उभे राहून रडत होते, आणि तोच त्यांची समजूत घालीत होता. पौल मिकी हे येशूसंघाचे बंधु उत्तम वक्ते म्हणून प्रसिद्ध होते. क्रुसावरून त्यांनीं शेवटचें प्रवचन केलें : मीं दुसरा कसलाही गुन्हा केला नाहीं, ख्रिस्ताची शिकवण सांगितली एवढ्यासाठीं मरतों, आणि हिदेयोशीला व माझ्या मृत्यूस कारण झालेल्या सर्वांना मीं क्षमा केली आहे.

गोन्सालो ह्यांनीं प्रवचन केल्याचा उल्लेख नाहीं. त्या वेळच्या वृत्तांतांत त्यांच्याविषयीं एकच वाक्याएवढी माहिती आहे : ते मोठ्या आवाजानें पुन्हां पुन्हां 'हे आमच्या बापा' आणि 'नमो मारिया' ह्या प्रार्थना म्हणत होते. जन्मभर एकाचें बोलणें दुसऱ्याला समजावून देणाऱ्या, सत्ताधीशापुढें न अडखळणाऱ्या ह्या दुभाष्याला शेवटच्या घटकेस ह्याहून निराळे शब्द लागले नाहींत. लहान मूल आईच्या मांडीवर जें शिकतें तेंच. त्या वेळीं त्यांचें वय चाळिसाच्या घरांत होतें.

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो शिकलेलीं माणसें आम्हांस हटकून विचारतात. हे लोक धर्मासाठीं मेले कीं राजकारणासाठीं? हिदेयोशीच्या मनांत स्पेनच्या आरमाराची भीति होती, मग ह्यांत श्रद्धेचा संबंध काय? ह्यावर आमचें म्हणणें असें. मारणाराचा हेतु मिश्र होता हें उघड आहे. परंतु लुईसला सुटका देऊं केली ती स्पेनची बाजू सोडण्याच्या बोलीवर नव्हती, ख्रिस्ताला सोडण्याच्या बोलीवर होती. सुतार फ्रान्सिसला स्पेनचा राजा कोण हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आणि गोन्सालो ह्यांचा तर कोणत्याच सिंहासनाशीं मोठा लागाबांधा नव्हता. बापाच्या देशानें ते पोर्तुगीज, आईच्या देशानें कोंकणी, संघानें स्पॅनिश साधूंचे बंधु, आणि भाषेनें जवळजवळ जपानी. असा मनुष्य कोणत्या एका राज्यासाठीं मरावा?

नागासाकीच्या त्या टेकडीवर पुढें पुष्कळ रक्त सांडलें. १६१४ सालीं तोकुगावा सरकारनें सगळ्या देशांत ख्रिस्ती धर्मास बंदी केली. १६२२ सालीं त्याच निशिझाकावर एका दिवशीं पंचावन्न जणांना ठार करण्यांत आलें. ख्रिस्ताची किंवा पवित्र मातेची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना तीवर पाय द्यावयास लावीत. सगळेच टिकले असें नाहीं. १६३३ सालीं येशूसंघाचे जपानांतील प्रमुख फादर ख्रिस्तोव्हाव फेरेइरा ह्यांना खड्ड्यांत उलटें टांगलें असतां पांच तासांनीं त्यांनीं धर्म सोडला. त्यांना हिणविण्याचा अधिकार, खड्ड्यांत पांच मिनिटेंही न टांगलेल्या आम्हां लोकांना आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच खड्ड्यांत, त्यांच्या शेजारीं टांगलेले दुसरे कित्येक शेवटपर्यंत गप्प राहिले, एवढें मात्र सांगावयाचें. मरणाची सिद्धता ही कोणाच्या पदवीवर किंवा विद्वत्तेवर अवलंबून नसते. प्रांताचा प्रमुख खचतो आणि स्वयंपाकी टिकतो.

इकडे वसईची कथा. १६२७ सालीं पोप आठवे अर्बन ह्यांनीं ह्या रक्तसाक्ष्यांना धन्य म्हणून घोषित केलें, आणि वसईच्या किल्ल्यांत गोन्सालोंचा सण होऊं लागला. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यांतील मंदिरें ओस पडलीं, आणि भक्ति मंदावली. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं रोममध्यें सव्वीसही जणांना संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्या मनुष्यास मिळालेलें हें पहिलें संतपद. दुसरें मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें, तें केरळच्या संत अल्फोन्सा ह्यांना. आज वसईजवळ गास गांवीं संत गोन्सालोंच्या नांवाचें मंदिर आहे, वसईंत त्यांच्या नांवाचें महाविद्यालय आहे, आणि १९९८ सालापासून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही आहे. सव्वीसही जणांचें स्मरण साऱ्या ख्रिस्तसभेंत ६ फेब्रुवारीस होतें.

रोममध्यें हा समारंभ झाला तेव्हां जपानांत ख्रिस्ती धर्मावरील बंदी उठलेली नव्हती. ती उठली १८७३ सालीं. नागासाकीस फक्त परदेशी व्यापाऱ्यांसाठीं म्हणून एक मंदिर बांधण्याची मोकळीक मिळाली. ओउरा येथील हें मंदिर १८६५ सालच्या फेब्रुवारींत ह्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवें अर्पण झालें. त्यानंतर महिन्याभरांतच, १७ मार्च रोजीं, उराकामी खेड्यांतील सुमारें पंधरा शेतकरी माणसें त्या मंदिराच्या दारांत येऊन उभीं राहिलीं. फादर पेतिजाँ ह्यांनीं दार उघडलें. ते प्रार्थना करीत असतां एक बाई जवळ येऊन हलक्या आवाजांत म्हणाली कीं, आमचें सर्वांचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि मग तिनें विचारलें, सांता मारियाची मूर्ति कोठें आहे? दोनशें वर्षांहून अधिक काळ त्यांच्यांत एकही धर्मगुरु नव्हता. बापानें मुलाला पाण्यानें बाप्तिस्मा द्यावा, आणि प्रार्थना तोंडानें शिकवाव्या, कागदावर लिहूं नयेत, असें त्यांनीं पिढ्यान् पिढ्या चालविलें होतें. त्या तोंडपाठ ठेवलेल्या प्रार्थनांत 'हे आमच्या बापा' होती आणि 'नमो मारिया' होती. शब्द झिजले होते, कांहीं लॅटिन, कांहीं पोर्तुगीज, कांहीं जपानी, पण ऐकतांच पाद्रीसाहेबांनीं त्या ओळखल्या.